ग्लेनवूडची जुनी कोळशाची शेगडी : तीन हिवाळ्यांनंतर

पहाटे साडेपाचला उठले की मी आधी विस्तव बघते. दिवा न लावता, अंधारातच, शेगडीच्या पोटावरच्या अभ्रकाच्या तावदानांतून. आत नारिंगी उजेड असेल तर रात्र नीट गेली. उजेड गडद तांबडा, मरगळलेला असेल तर जाळीला हात लावायचा नाही. खालची हवा उघडायची, वरून मूठभर बारीक कोळसा टाकायचा, वीस मिनिटं थांबायचं. विस्तवाने जीव धरला की मगच राख झाडायची. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा लागला. गेल्या वर्षभरात ओळखीच्या चार मराठी घरांनी विचारलं, "तुमच्यासारखी शेगडी आम्ही घ्यावी का?" फोनवर प्रत्येकाला थोडं थोडं सांगितलं, पण पुरं कोणालाच सांगून झालं नाही, म्हणून हे सविस्तर.

आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात, विल्क्स-बारेजवळ राहतो. घर 1920 च्या दशकातलं, दुमजली, लाकडी, भिंतींत थंडी अडवायला भुसा भरावा तसा जुना थर. जानेवारीत रात्री उणे 10, कधी उणे 15 सेल्सिअस. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे, आणि पहिली काही वर्षं आम्ही त्याच्यावरच काढली. हिवाळ्याला साधारण 700 गॅलन तेल जायचं आणि तरी बैठकीच्या खोलीत पाय गार ते गारच. आई बल्लारपूरहून आली तेव्हा दुपारीसुद्धा दोन शाली घेऊन बसायची. तिचे गुडघे दुखत होते आणि मला रोज वाईट वाटत होतं. शेगडी घ्यायचं खरं कारण ते.

इथे तिला पार्लर स्टोव्ह म्हणतात. मराठीत स्टोव्ह म्हटलं की मला रॉकेलचा पंप मारायचा पितळी स्टोव्ह दिसतो, म्हणून घरात आम्ही शेगडीच म्हणतो. आई सिगडी म्हणते. आमच्या चंद्रपूरकडे तोच शब्द.

आधी कोळशाविषयी, कारण तो कळला नाही तर शेगडी कळत नाही.

कोळसा मी जन्मापासून बघत आले आहे. माझे बाबा बल्लारपूरच्या भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होते, म्हणजे खाणीतल्या माणसांच्या सुरक्षेवर नजर ठेवणारे. आमच्या घरची सिगडी आई अंगणात पेटवायची. गोवरीचे तुकडे, त्यावर लाकडाच्या ढलप्या, त्यावर कोळसा. मग पिवळट, घशाला झोंबणारा धूर निघायचा. तो पुरता संपून निखारे लाल झाले की दोन्ही कड्या धरून ती सिगडी आत यायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, भिंती काळवंडायच्या. कोळसा म्हणजे धूर, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की घरात, बैठकीच्या खोलीत कोळसा जाळायचा ही कल्पनाच मला पटत नव्हती.

इथला कोळसा वेगळा आहे. अँथ्रासाइट. दगडासारखा कठीण, काचेसारखा चमकणारा. हातात घेतला तर बोटं फारशी काळी होत नाहीत. त्यात कार्बन 86 टक्क्यांच्या वर आणि धूर करणारे वायू अगदी थोडे. त्यामुळे तो पेटायला फार हट्टी, पण एकदा पेटला की धुराविना, आखूड निळ्या ज्वाळेने, तासन् तास जळतो. कागद आणि काडेपेटीने तो पेटत नाही. आधी सुक्या लाकडाचा चांगला जाळ करायचा, निखारे पडले की त्यावर कोळशाचा पातळ थर, तो धरला की दुसरा, मग तिसरा. पहिल्या वेळी मला दोन तास लागले. आता सव्वा तास लागतो, आणि हिवाळ्यात हे एकदाच करावं लागतं.

हा दगड जळतो यावर पूर्वी इथल्या लोकांचाही विश्वास नव्हता. लोहाराच्या भट्टीत भात्याच्या वाऱ्यावर तो जळायचा, पण घरच्या चुलीत टाकला तर विझायचा. विल्क्स-बारेत जेसी फेल नावाचे एक खाणावळवाले होते. त्यांनी 11 फेब्रुवारी 1808 ला आपल्या घरी लोखंडी सळ्यांच्या उघड्या जाळीवर तो भात्याशिवाय जाळून दाखवला. जाळीखालून हवा मिळाली की पुरे, एवढीच ती युक्ती. माझ्या शेगडीत आजही तेच चालतं. हवा खालूनच हवी. लाकडाला वरून हवा दिली तर चालते, अँथ्रासाइटला नाही. म्हणूनच लाकडाच्या शेगडीत हा कोळसा टाकून बघणारे निराश होतात.

आता खरेदी. पहिली शेगडी मी जवळजवळ चुकीची घेणार होते. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एक उंच, निकेलच्या नक्षीची, काळी कुळकुळीत शेगडी होती. 1,800 डॉलर. मला ती फार आवडली. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात, त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही इथल्या खाणींत होते. त्यांना मी सोबत नेलं. त्यांनी दुकानदाराला विचारून खोलीतले दिवे घालवले आणि शेगडीच्या आत एक पेटता बल्ब सोडला. अंधारात शेगडीच्या बुडाशी केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, वीतभर लांब. तिथे बीड तडकलेलं होतं. तडा भट्टीच्या सिमेंटने बुजवून वरून काळं पॉलिश फासलं होतं. कोळशाची शेगडी पेटली की त्या रेघेतून हवा आत ओढली जाणार, मग आग आपल्या हातात राहत नाही. दुकानदार म्हणाला, ही तर शोभेची वस्तू म्हणून विकतोय. पण चिठ्ठीवर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. जुनी शेगडी बघायला जाल तेव्हा लांब वायरचा एक बल्ब बरोबर न्या. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, हे विसरू नका.

शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या एका जाणकार कारागिराकडून घेतली. तो जुन्या शेगड्या पूर्ण सुट्या करतो, प्रत्येक सांधा नव्याने भरतो, निकेलचे भाग पुन्हा मुलामा द्यायला पाठवतो. किंमत 4,200 डॉलर, आणून बसवण्याचा खर्च वेगळा. माझी शेगडी ग्लेनवूड. टॉन्टन शहरातल्या वीअर स्टोव्ह कंपनीचं हे नाव. ही कंपनी 1879 ला सुरू झाली आणि पुढे तिच्या मालाच्या नावावरूनच ग्लेनवूड म्हणून ओळखली गेली. माझी शेगडी साधारण 1910 च्या सुमाराची असावी असं कारागिराचं म्हणणं.

दिसायला ती देखणी आहे, आणि हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. कमरेच्या वर उंची, मधला भाग गोल पिंपासारखा, खाली चार वळणदार पाय, मधून निकेलचा पट्टा, आणि माथ्यावर चक्क कळस. त्याला इथे काय म्हणतात ते कारागिराने सांगितलं होतं, पण पहिल्या दिवशी आई "अगंबाई, कळस!" म्हणाली आणि तोच शब्द राहिला. कळसाचा भाग बाजूला सरकवता येतो. खाली सपाट झाकण आहे, त्यावर पातेलं ठेवता येतं. फोडणी होईल इतका ताव तिथे नाही, पण वरण मंद शिजतं, दूध आटतं. आणि आल्याचं पाणी दिवसभर गरम राहतं. दूध मात्र आठवणीने हलवावं लागतं, बुडाला लागतं.

तिची खरी करामत पोटात आहे. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना ती लगेच कळेल. बंबात मधल्या नळीतून जाळ सरळ वर जातो आणि भोवतीचं पाणी तापवत जातो. तरी पुष्कळ उष्णता वरच्या तोंडातून निघून जाते, हात धरला तर भाजतो. या शेगडीला दोन वाटा आहेत. पेटवताना आणि कोळसा घालताना मागची झडप उघडी ठेवायची, धूर सरळ धुराड्यात जातो. आग बसली की ती झडप मिटायची. मग गरम वायूंना वर जायला वाट राहत नाही. ते मागच्या बाजूने खाली उतरतात, राखेच्या खणाखालून, शेगडीच्या तळातून वळसा घालतात आणि मगच मागच्या नळीने वर जातात. एवढ्या फेरीत ते आपली उष्णता लोखंडाला देऊन टाकतात. मी चुंबकाचे थर्मामीटर लावले आहेत. पोटावर 400 फॅरनहाइट असतं तेव्हा, म्हणजे 200 सेल्सिअसच्या आसपास, मागच्या नळीवर 170 फॅरनहाइटच्या पुढे काटा जात नाही. नळीला क्षणभर हात लावता येतो. आणि तळ तापल्यामुळे जमीन तापते. आईचे पाय गार पडायचे थांबले ते यामुळे. शंभर वर्षांपूर्वी, संगणक नसताना, ज्यांनी ओतीव लोखंडात ही वाट कोरून काढली त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

तावदानं काचेची नाहीत, अभ्रकाची आहेत. अभ्रक उष्णतेला दाद देत नाही, पण टोकदार सळई लागली तर चिरतो. दुसऱ्या हिवाळ्यात मी दोन तावदानं बदलली. नवे पत्रे मागवले तेव्हा खोक्यावर देशाचं नाव होतं भारत. एकेकाळी अमेरिकेत येणारा अभ्रक मोठ्या प्रमाणात आपल्याकडून, कोडर्माच्या भागातून यायचा. या शेगडीच्या मूळ तावदानांतही तो असेल का, असं त्या रात्री तावदान बसवताना मनात येत राहिलं. कात्रीने कापायचा, खाचेत सरकवायचा, स्क्रू हलक्या हाताने आवळायचे, इतकंच काम. दोन जादा पत्रे नेहमी घरात ठेवा.

रोजचं काम असं. सकाळी एकदा, रात्री एकदा, दर बारा तासांनी. मागची झडप उघडायची, खालून हवा द्यायची, आग जागी झाली की दांडा लावून जाळी हलवायची. झटके आखूड, पटापट. राखेच्या खणात लाल ठिणग्या पडू लागल्या की थांबायचं. त्याच्या पुढे एक झटका जास्त झाला तर चांगला विस्तव खाली सांडतो. वरून सळईने ढोसायचं तर मुळीच नाही. लाकडाच्या चुलीची सवय असते म्हणून हात जातो, पण अँथ्रासाइटचा विस्तव वरून ढवळला की मरतो. राख वितळून तिचे गोळे होतात आणि जाळी अडते. मग कोळसा भरायचा, काठोकाठ. थोडा घातला तर वाचेल असं वाटतं, पण उथळ थर नीट जळतच नाही. खोली हवी. शेवटी खालची हवा जवळजवळ मिटायची, झडप मिटायची. सगळं मिळून वीस मिनिटं.

कोळशाचे आकार ठरलेले असतात. माझ्या शेगडीला नट लागतो, आवळ्याएवढा. त्याहून मोठा स्टोव्ह, चिकूएवढा. लहान पी, सुपारीएवढा. ऐन थंडीत मी नटच घालते. नोव्हेंबरात आणि मार्चअखेरीला, थंडी कमी असताना, वर थोडा पी पसरते. बारीक कोळशातून हवा कमी जाते, आग मंद राहते.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून जी चूक झाली ती सांगते. रात्री झोपायच्या घाईत मी ताजा कोळसा सगळ्या विस्तवावर एकसारखा पसरला, एकही निखारा उघडा ठेवला नाही, आणि लगेच हवा मिटली. पाच-सात मिनिटांनी ढप्प असा आवाज झाला. कळसाखालचं झाकण उचललं जाऊन पुन्हा बसलं, एक तावदान तडकलं, खोलीभर बारीक राख. कोणाला इजा झाली नाही. आई शेगडीपासून चार हातांवर बसली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी बाबांना फोन केला. इथे साडेपाच वाजतात तेव्हा बल्लारपूरला दुपारचे चार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोळसा टाकल्यावर ज्योत दिसत होती का तुला?" मी म्हटलं, नाही, सगळं काळं झालं होतं. "मग गॅस कोंडून राहिला ना, बेटा. वरून कोळसा तापून राहिला, गॅस सोडून राहिला, अन् त्याले पेटवाले ज्योतच नाही. मंग ठिणगी भेटली का भडका. एका बाजूले विस्तव उघडा ठेवत जाय. ज्योत जिती पाहिजे."

बाबांकडे कामावर असताना ज्योतीचा सुरक्षा दिवा असायचा. खाणीत मिथेन आहे का, हे त्या दिव्याची ज्योत बारीक करून बघायचं. ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की गॅस आहे, आणि टोपीच्या उंचीवरून किती आहे तेही कळायचं. माणसांना आत पाठवायचं की बाहेर काढायचं हा निर्णय ते त्या निळ्या टोपीवर घेत. लहानपणी ते मला हे सांगायचे तेव्हा मी नुसती ऐकायची. आता रोज दोनदा मी निळी ज्योत शोधत शेगडीसमोर बसते. शेजारच्या गृहस्थांनीही मला तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. कोळसा मागच्या बाजूला उंच, पुढे उतार, आणि पुढच्या कोपऱ्यात वाटीएवढा विस्तव उघडा. त्यावरून निळ्या ज्वाळा उठून काळ्या कोळशावर नाचत पसरतात. त्या पसरल्या की मगच हवा मिटायची. तेव्हापासून एकदाही ढप्प झालेलं नाही.

त्या निळ्या ज्वाळा म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड. जळतोय तोवर ठीक. न जळता खोलीत आला तर वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं दगावल्याच्या बातम्या येतात. म्हणून याबाबतीत मी कोणाचं काही ऐकत नाही. घराच्या प्रत्येक मजल्यावर, तळघरासकट, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा हवा, बॅटरीवर चालणारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सगळे दाबून बघते. धुराड्याची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याचा जोर, मोजायला एक छोटं मापक भिंतीवर लावलंय, आणि नळीला एक तोलझडप आहे. बाहेर वारं सुटून ओढ वाढली की ती आपोआप उघडते आणि आग भडकू देत नाही. बाहेर 10 सेल्सिअसच्या वर गेलं की धुराडं नीट ओढत नाही. त्या दिवसांत शेगडी पेटवायची नाही, मग रात्री कितीही गारठा पडो. ऑक्टोबरात मन फार होतं, पण नाही.

धुराडं आधी तपासून घ्या, शेगडी नंतर शोधा. आमच्या विटांच्या धुराड्यात भाजक्या मातीच्या नळ्या आहेत. त्यांतली एक फुटलेली निघाली. दुरुस्तीला शेगडीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. लाकडाच्या धुरासारखा डांबरी चिकटा अँथ्रासाइटने साचत नाही, त्यामुळे धुराड्याला आग लागण्याची भीती नाही, पण बारीक राख साचते आणि ती काढावीच लागते. विम्याचंही आधी बघा. या जुन्या शेगड्यांवर आजच्या चाचणीचा शिक्का नसतो. आमच्या तेव्हाच्या विमा कंपनीने कागद न बघताच नकार दिला. दुसरी कंपनी शोधेपर्यंत शेगडी दोन महिने थंड उभी होती. भिंतीपासून तीन फूट मोकळी जागा, खाली न जळणारी फरशी, नगरपालिकेचा परवाना, एवढं दाखवल्यावर दुसऱ्यांनी मान्य केलं.

हिशेब. इथला टन 2,000 पौंडांचा, म्हणजे 907 किलो. ऐन थंडीत दिवसाला 18 किलो, एरवी 14-15 किलो जातो. नोव्हेंबर ते एप्रिलमध्यापर्यंत जवळपास तीन टन. यंदा मला टनाला 340 डॉलर पडले, घरपोच, तळघराच्या खिडकीतून घसरगुंडीने ओतून. म्हणजे हजाराच्या थोडं वर. वरच्या मजल्यासाठी, अंघोळीच्या पाण्यासाठी आणि ऑक्टोबर-एप्रिलच्या अधल्यामधल्या दिवसांसाठी तेल अजून लागतं, पण 150 गॅलनच्या आत. आधी तेलाचे अडीच हजारांच्या वर जायचे. शेगडी, धुराडं, फरशी सगळं धरून पैसे वसूल व्हायला आम्हाला सहा-सात हिवाळे लागतील. फक्त पैसे वाचवायला घेणार असाल तर घाई करू नका.

वीज गेल्यावर मात्र तिची किंमत कळते. गेल्या वर्षी ईशान्येकडून आलेल्या वादळात 31 तास वीज नव्हती. तेलाच्या बॉयलरला पंपासाठी वीज लागते, तो पहिल्या मिनिटाला गप्प झाला. शेगडीला फक्त हवा आणि कोळसा लागतो. दोन शेजारी कुटुंबं मुलांसकट आमच्याकडे झोपायला होती, बैठकीत अंथरुणं घालून. सगळ्यांना तिच्यावर केलेली खिचडी दिली.

राखेचा त्रास खरा आहे आणि तो लपवणार नाही. रोज दीड-दोन किलो. पत्र्याच्या, झाकणाच्या बादलीत काढायची, बाहेर दगडावर ठेवायची, लाकडी ओट्यावर कधीच नाही, आत निखारा दोन दिवस जिवंत राहू शकतो. खण कितीही सावकाश ओढला तरी बारीक धूळ उडते आणि फर्निचरवर बसते. आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसावं लागतं. बर्फावर घसरू नये म्हणून ही राख इथे रस्त्यावर टाकतात, आम्हीही टाकतो. आईने एकदा पितळी तांब्या घासायला घेतली. तांब्या लख्ख झाला, पण ही राख खरखरीत, ओरखडे पडले. चुलीच्या राखेसारखी मऊ नाही. भाजीच्या वाफ्यातही मी ती घालत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. कोळसा जाळला की तेवढ्याच उष्णतेसाठी तेल किंवा गॅसपेक्षा जास्त कार्बन हवेत जातो. धूर दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. मुलगा मला हे सांगतो आणि तो बरोबर सांगतो. म्हणून पोटमाळ्यावर आणि भिंतींत आम्ही यंदा नवीन थर भरून घेतला. त्याने कोळसा आणखी कमी लागेल. ज्यांचं घर नवं आहे, बंदिस्त आहे, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे: विजेचा हीट पंप घ्या, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा. ही शेगडी जुन्या, गळक्या, विटांचं धुराडं असलेल्या घराची सोबतीण आहे. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ कोणीतरी माणूस असतं त्या घराची. दोघंही नोकरीनिमित्त आठवडा-आठवडा बाहेर असाल, घरात रांगतं मूल असेल, तर आत्ता नको. आमच्याकडे नातवंडं येतात तेव्हा मी चारी बाजूंनी लोखंडी कठडा लावते.

ज्यांनी हा कोळसा खणला त्यांचं मला रोज आठवतं. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर पोर्ट ग्रिफिथ आहे. 22 जानेवारी 1959 ला तिथे नॉक्स खाणीत सस्क्वेहाना नदी छत फोडून आत शिरली. नदीच्या पात्राखाली फार वरपर्यंत खणलं होतं. 12 माणसं गेली, आणि या खोऱ्यातली खोल खाणकामं त्यानंतर जवळजवळ संपली. शेजारचे गृहस्थ तेव्हा शाळेत होते. नदीला पडलेला भोवरा बुजवायला रेल्वेचे डबेच्या डबे त्यात ढकलले होते, हे ते अजून सांगतात. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "वर किती छत ठेवलं होतं?" सरदाराचा प्रश्न. आता इथला कोळसा बहुतेक उघड्या खाणींतून येतो.

एप्रिलच्या मध्यावर आग विझू द्यायची. त्या दिवशी नुसतं सोडून देऊ नका. राखेतलं गंधक उन्हाळ्यातल्या दमट हवेत पाणी धरतं आणि नळीचा पत्रा आतून खातं. आमची पहिली नळी एका उन्हाळ्यात गेली, कारण मला हे माहीत नव्हतं. आता नळी उतरवून बाहेर झाडते, धुते, वाळवते. शेगडीच्या तळातली वळणाची वाट व्हॅक्यूमने साफ करते, धुराड्याचं तोंड बंद करते, लोखंडाला हलकं तेल लावते. निकेलला फक्त मऊ फडकं.

यंदा आग 9 नोव्हेंबरला पेटवली. आज फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, अजून एकदाही विझलेली नाही. आई डिसेंबरात परत गेली. तिची खुर्ची शेगडीच्या डाव्या बाजूला होती तिथेच आहे. बाबांना आता थोडं कमी ऐकू येतं, पण सकाळी साडेपाचला मी फोन जाळीजवळ धरते, तेव्हा दांड्याचा खडखडाट त्यांना ऐकू जातो. मग ते म्हणतात, "झालं, राख पडली. आता थांब."